पाच नद्यांच्या वाटेवरची मोटार

तंजावरहून उत्तरेस तिरुवैयारुला जाणारा रस्ता जेमतेम १३ किलोमीटरांचा आहे. परंतु तेवढ्या अंतरात तो पाच प्रवाह ओलांडतो. प्रथम वडवारु, मग वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि अखेरीस कावेरी. तिरुवैयारु या नावाचा अर्थच मुळी ‘पाच पवित्र नद्या’ असा आहे. मुलूख तळहातासारखा सपाट, दोन्ही बाजूंस भाताची खाचरे. चढ येतो तो पुलाशी आणि उतार लागतो तोही पुलाशीच. पायी जाणाऱ्याला या चढउतारांचे विशेष काही वाटत नाही. मोटारीला मात्र ते वाटते, आणि मोटार जुनी असेल तर फारच वाटते.

या गावी संत त्यागराजांनी १८४७ साली देह ठेवला. त्यांच्या समाधीवरील मंदिर बंगलोर नागरत्नम्मा या गायिकेने १९२५ च्या सुमारास स्वतःचे द्रव्य वेचून उभारले. दरवर्षी पौष वद्य पंचमीला तेथे आराधना होते आणि शेकडो गायक-वादक कावेरीच्या काठी एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. तंजावरास भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत नांदले. त्या राज्याबरोबर दक्षिणेत गेलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही तेथे आहेत, घरात आपली मराठी बोलतात, आणि आराधनेला जाण्याचा नेमही त्यांतील अनेक जण पाळतात.

अशा एखाद्या घरी आजोबांच्या वेळची अँबॅसडर मोटार आहे, अशी कल्पना करावी. वर्षभर ती पडवीत उभी असते. पण पंचमीच्या पहाटे घरातील आजी तिच्याच मागच्या आसनावर बसून, मांडीवर तंबोरा आडवा घेऊन, तिरुवैयारुला जाते. दुसरी मोटार तिला चालत नाही. पुढे एके वर्षी त्या मोटारीचे एंजिन अगदीच थकते. जुने भाग मिळेनासे होतात. घरातील तरुण मंडळी विचार करून तिच्यात एक वापरलेले पण सुस्थितीतले डिझेल एंजिन बसवितात. एंजिन उत्तम चालते. आणि नेमक्या त्याच वर्षी पहिल्याच पुलावर मोटारीचे नाक खाली जाऊन खालून ‘खट्’ असा लोखंडी आवाज येतो.

एंजिन बदलण्यात जगावेगळे असे काही नाही. खुद्द अँबॅसडरचा इतिहास एंजिने बदलण्याचाच आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावरून ही मोटार १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बनवावयास घेतली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. या अर्धशतकाहून अधिक काळात तिचा देह जवळजवळ तोच राहिला. परंतु आत प्रथम जुन्या धर्तीचे, मग १,४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन, १९८० च्या सुमारास तेवढ्याच आकारमानाचे डिझेल, आणि १९९० नंतर इसुझूचे १.८ लिटरचे, अशी एंजिने येत राहिली. कारखान्यात एंजिन बदलते, तेव्हा त्या बदलाचा भार कोठे पडणार याचा हिशेब करण्यासाठी माणसे बसलेली असतात. गल्लीतल्या गॅरेजमध्ये एंजिन बदलते, तेव्हा तो हिशेब पुष्कळदा कोणीच करीत नाही. एंजिन गिअरबॉक्सला जुळले, पंख्याला जागा पुरली, बॉनेट बंद झाले, की काम पुरे झाले असे समजले जाते.

डिझेल एंजिन जड का असते, हे समजणे अवघड नाही. पेट्रोलच्या एंजिनात हवेचे आकारमान साधारण आठव्या ते दहाव्या हिश्शापर्यंत दाबले जाते. जुन्या धर्तीच्या डिझेल एंजिनात ते विसाव्या हिश्शाच्या आसपास जाते, कारण तेथे ठिणगी नसून दाबाच्या उष्णतेनेच तेल पेटवावयाचे असते. एवढा दाब सोसण्यासाठी ओतीव लोखंडाच्या भिंती जाड कराव्या लागतात. तेव्हा आकारमान तेवढेच असले तरी वजन वाढते, आणि हे वाढलेले वजन सगळे मोटारीच्या पुढच्या अंगावर येते.

नाक खाली गेले की भोवतालचे सगळे जण एकच सल्ला देतात : कडक स्प्रिंग घाला. कोणी टेम्पोची स्प्रिंग सुचवितो, कोणी जुन्या स्प्रिंगखाली लोखंडी चकती सरकविण्यास सांगतो, कोणी मागे एकदोन पाटे वाढवावयास सांगतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु कडकपणा म्हणजे बळकटी, हा जो समज त्यामागे असतो, तो तपासून पाहण्याजोगा आहे.

स्प्रिंगेचा मूळ नियम इंग्लंडातील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा प्रतिकार त्याच प्रमाणात वाढतो, हा तो नियम. एक सेंटिमीटर दाबण्यास जेवढे किलो लागतात, तो त्या स्प्रिंगेचा कडकपणा. मोटारीचा भार त्या कडकपणाने भागला की स्प्रिंग स्वतःच्या मोकळ्या लांबीपासून किती दबून बसली आहे, ते कळते. या दबण्याला ‘बैठक’ म्हणावे. बैठक कळली की मोटार कशी डुलेल तेही कळते, आणि त्याचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल इतके सोपे आहे. बैठक सेंटिमीटरांत मोजावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याने ३०० ला भागावे. जो आकडा येईल तितकी आंदोलने मोटार मिनिटाला घेते. बैठक २५ सेंटिमीटर असेल तर ६०, १६ असेल तर ७५, आणि ९ असेल तर १००. प्रवासी मोटारीला साधारण ६० ते ९० ही आंदोलने मानवतात. त्याहून फार जलद झाली की अंगाला हिसके बसू लागतात.

ज्याला तंबोरा लावता येतो त्याला ही गोष्ट वेगळ्या शब्दांत आधीच ठाऊक असते. पातळ तारेच्या जागी जाड तार चढविली आणि ताण तोच ठेवला, तर स्वर खाली येतो. मूळ स्वर हवा असेल तर तार जितक्या पटीने जड झाली तितक्याच पटीने ताण वाढवावा लागतो. कमी वाढविला तर स्वर उतरलेला राहतो, जास्त वाढविला तर चढतो. मोटारीच्या स्प्रिंगेचा न्याय अगदी हाच आहे. भार जितक्या पटीने वाढला तितक्याच पटीने कडकपणा वाढविला, तर मोटारीची जुनी चाल कायम राहते. तेव्हा ‘कडक स्प्रिंग घाला’ हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. किती कडक, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर वजनकाट्यावर मिळते. तंजावरचा सारा प्रदेश भाताचा. मालमोटारींचे वजन करणारे काटे तेथे शोधावे लागत नाहीत. एंजिन काढण्यापूर्वी मोटार काट्यावर न्यावी. प्रथम पुढची दोनच चाके फलाटावर ठेवून वजन घ्यावे, मग मागची दोन, मग सर्व मिळून. मोटार समपातळीत उभी असावी आणि टाकीत तेल दोन्ही वेळा सारखेच असावे. नवे एंजिन बसल्यावर हेच पुन्हा करावे. आधीचे वजन घ्यावयाचे राहून गेले असेल तर जुने आणि नवे एंजिन त्यांच्या साऱ्या जोडसामानासह वेगवेगळे तोलावे. या कामात एक सकाळ जाते. परंतु पुढचा सारा निर्णय या आकड्यांवर उभा राहतो.

हिशेबाच्या सोयीसाठी काही आकडे धरून पाहावे. मोटारीच्या पुढच्या आसावर ६०० किलो भार होता, म्हणजे प्रत्येक चाकावर ३००. यांतील चाक, टायर, ब्रेक वगैरे सुमारे ४० किलोंचा भाग स्प्रिंगेच्या खाली असतो. स्प्रिंग तो उचलत नाही. तेव्हा स्प्रिंगेवर २६० किलो. तिची बैठक १६ सेंटिमीटर असेल, तर चाकापाशी कडकपणा सेंटिमीटरला सव्वासोळा किलो आणि आंदोलने ७५. नवे एंजिन जुन्यापेक्षा ७० किलोंनी जड आहे, आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्याही २५ सेंटिमीटर पुढे आहे, असे समजावे. दोन आसांतील अंतर अडीच मीटर धरले तर तरफेच्या नियमाने पुढच्या आसावर ७० नव्हे, ७७ किलो वाढतात आणि मागच्या आसावरचे ७ कमी होतात. प्रत्येक पुढच्या स्प्रिंगेवर आता सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अधिक दोनशे, म्हणजे २९८.५ किलो भार आला.

जुनीच स्प्रिंग ठेवली तर मोटार जवळजवळ अडीच सेंटिमीटर खाली बसते आणि आंदोलने ७० वर येतात. चाल थोडी मऊ होते. ते एक वेळ चालले असते. पण खालचे मोकळे अंतर कमी झाल्यामुळे पुलाच्या तोंडाशी रबरी ठोकळ्यावर आपटणे सुरू होते, आणि तोच तो पहिल्या पुलावरचा आवाज. मूळ चाल राखावयाची तर कडकपणा किती हवा? २९८.५ भागिले २६०, म्हणजे सुमारे १५ टक्के अधिक. तेवढाच. याउलट कोणी दुप्पट कडक स्प्रिंग घातली, तर बैठक नऊ सेंटिमीटरांवर येते आणि आंदोलने जवळजवळ १०० होतात. मोटार मग आपटत नाही, पण प्रत्येक खड्ड्यावर उसळते. उसळलेले चाक क्षणभर रस्ता सोडते. आणि ज्या क्षणी चाक रस्त्यावर नाही त्या क्षणी ते वळवताही येत नाही आणि थांबवताही येत नाही. मागे बसलेल्या आजीच्या पाठीचा प्रश्न तर आहेच. परंतु पुलाच्या उतारावर समोरून बस येत असताना ब्रेक लागणे न लागणे, हाही प्रश्न त्याच स्प्रिंगेपाशी येऊन ठेपतो.

१५ टक्के कडकपणा वाढवावयाचा म्हणजे पोलाद किती वाढवावयाचे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. अँबॅसडरच्या पुढच्या बाजूस गुंडाळीची स्प्रिंग नसते. तेथे टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसणारी पोलादाची सरळ दांडी असते. या दांडीचा कडकपणा तिच्या व्यासाच्या चतुर्घाताने वाढतो. दांडी २० मिलिमीटर जाडीची धरली तर १५ टक्क्यांसाठी ती २०.७ मिलिमीटर पुरते. २१ केली की कडकपणा साडेएकवीस टक्क्यांनी वाढतो, २२ केली की ४६ टक्क्यांनी. दुप्पट होण्यास २४ मिलिमीटरही लागत नाहीत. डोळ्यांना दिसणार नाही आणि बोटांना कळणार नाही एवढ्या फरकात साऱ्या मोटारीचा स्वभाव बदलतो. म्हणून येथे अंदाजाने काम करणारा कितीही अनुभवी असला तरी त्याने सूक्ष्ममापक हाती धरल्यावाचून गत्यंतर नाही.

या दांडीच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. तिच्या एका टोकाचा बसवलेला कोन बदलून मोटार वर उचलता येते. मिस्त्री तसे करतो, नाक पूर्वीच्या उंचीवर येते आणि मालक संतुष्ट होतो. खालचे मोकळे अंतर परत मिळते, हा लाभ खरा. परंतु दांडीचा कडकपणा त्याने तिळभरही बदलत नाही. भार थोडाच वाढला असेल तर एवढे पुरते. भार पुष्कळ वाढला असेल तर मात्र उंची बरोबर आणि चाल चुकीची, अशी स्थिती होते. शिवाय मूळ पीळ देऊन बनविलेल्या दांड्या डाव्या-उजव्या वेगळ्या असतात. त्यांची अदलाबदल झाली तर त्या लौकर निकामी होतात.

मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या फियाट ११०० व तिच्याच वंशातील प्रीमियर पद्मिनी या मोटारींना पुढे गुंडाळीची स्प्रिंग असते. तेथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्प्रिंग चाकाच्या नेमकी वर नसून आतल्या बाजूस, हाताच्या मधल्या भागावर बसते. ती हाताच्या निम्म्या लांबीवर असेल तर चाकापाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगेच्या स्वतःच्या कडकपणाच्या निम्मा नव्हे, एकचतुर्थांश असतो. कारण अंतरही निम्मे होते आणि जोरही. दुकानातून स्प्रिंग आणताना या दोहोंची गल्लत झाली तर सारे गणित चौपटीने चुकते. उंची कमी करण्यासाठी गुंडाळीचा एक वेढा कापून टाकणे, किंवा स्प्रिंग जागेवरच गॅसच्या ज्योतीने तापवून बसविणे, हे दोन्ही उपाय त्याज्य होत. आठ वेढ्यांतील एक कापला की स्प्रिंग १४ टक्क्यांनी कडक होते आणि तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही. तापविली की पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ती पुढे कधी दगा देईल याचा नेम राहत नाही.

मागच्या बाजूस बहुतेक जुन्या मोटारींना पाटे असतात. पुढे कडक केले म्हणून मागेही एक पाटा वाढवावा, हा मोह येथे होतो. वरच्या उदाहरणात मागचा भार वाढला नसून किंचित कमीच झाला आहे. तेव्हा मागे हात लावण्याचे कारण नाही. पुढच्या आणि मागच्या आंदोलनांत एक नाते मात्र राखावे लागते. रोल्स-रॉईस सोडून १९३० साली अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये गेलेले इंग्रज अभियंते मॉरिस ऑली यांनी हे नाते प्रयोगांनी दाखवून दिले. उंचवटा प्रथम पुढच्या चाकांना भेटतो, मागच्यांना क्षणभराने. म्हणून मागची आंदोलने पुढच्यांपेक्षा थोडी जलद असली तर मागची बाजू पुढचीला गाठते आणि मोटार सपाट चालते. पुढची अधिक जलद झाली तर दोन्ही बाजू एकमेकींशी भांडत राहतात, आणि मागे बसणाऱ्याला होडीत बसल्यासारखे वाटते. पुढे ७५ आणि मागे ८५ अशी जुनी जोडी असेल, तर पुढचे ७५ परत मिळविणे हाच शहाणपणा आहे.

स्प्रिंग बदलली की धक्काशोषक, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला शॉकअप म्हणतात तो, तपासणे ओघानेच येते. स्प्रिंग हिसका साठविते. तो जिरविण्याचे काम धक्काशोषकाचे. भार आणि कडकपणा दोन्ही १५ टक्क्यांनी वाढले तर त्याची पकडही तेवढीच वाढावयास हवी. याची घरगुती परीक्षा सोपी आहे. पुढचे मडगार्ड जोराने खाली दाबून सोडावे. मोटार एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक, दोनतीनदा डुलली तर धक्काशोषक थकला आहे. वाढलेल्या भारामुळे पुढच्या ब्रेकवर आणि टायरवर पडणारा ताणही पाहून घ्यावा, आणि शेवटी चाकांचे कोन व दिव्यांचा रोख नीट लावावा.

भार नेहमी वाढतोच असे नाही. ओतीव लोखंडाच्या एंजिनाच्या जागी ॲल्युमिनियमचे हलके एंजिन आले तर नाक वर उचलले जाते, दिव्यांचा झोत झाडांवर पडतो, आणि तीच जुनी स्प्रिंग आता वाजवीपेक्षा कडक ठरते. तेथे अधिक मऊ स्प्रिंग निवडणे हेच योग्य. पण ते सुचविण्याचे धाडस फार थोडे मिस्त्री करतात. कधी एंजिन तेच राहते आणि भाराची जागा बदलते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी २००० नंतर सीएनजी स्वीकारला, तेव्हा डिकीत पोलादी नळकांडे आले आणि जास्तीचे ओझे मागच्या पाट्यांवर पडले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सींचे युग संपले. आता जुन्या मोटारींत विजेची मोटर बसविण्याची हौस वाढते आहे. तेथे एंजिन जाते आणि बॅटऱ्या बहुधा मागे येतात. पुढच्या आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. गणित मात्र तेच.

या साऱ्याला कायद्याचीही एक बाजू आहे. एंजिनाचा क्रमांक मोटारीच्या नोंदणी-प्रमाणपत्रावर असतो, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये त्या प्रमाणपत्रातील तपशिलांना छेद देणारा फेरफार मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. मंजुरी घेऊन तो नोंदवावा लागतो. २०२१ साली केंद्र शासनाने ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. त्यांनुसार मोटार मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात वा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. ज्याला आजोबांच्या मोटारीची गणना त्या मानाच्या वर्गात व्हावीशी वाटते, त्याने एंजिन बदलण्यापूर्वीच थांबून विचार केलेला बरा. ज्याला ती चालती राहावी असे वाटते, त्याने मंजुरी घ्यावी आणि मग हिशेबाला बसावे.

एंजिन बदलले म्हणजे मोटार परकी होते, असे जुन्या माणसांना वाटते, आणि त्यांचे अगदीच चुकते असे नाही. तिचा आवाज बदलतो, वास बदलतो, कळ दाबल्यावरचा पहिला हुंकार बदलतो. परंतु मागच्या आसनावर डोळे मिटून बसलेल्या माणसाला मोटार ओळखू येते ती मुख्यतः तिच्या चालीवरून. चढाला ती कशी दबते, उतार संपताना कशी सावरते, यावरून. ही चाल स्प्रिंगांच्या हाती असते, आणि ती पुन्हा जशीच्या तशी मिळविणे शक्य असते. त्यासाठी लागतो एक वजनकाटा, एक सूक्ष्ममापक, अर्ध्या पानाचे गणित, आणि कोणी ‘आणखी कडक घाला’ म्हणाले तर नाही म्हणण्याइतका धीर.

पुढच्या पंचमीला ती मोटार पुन्हा त्या रस्त्याला लागते. वडवारुचा पूल येतो आणि जातो. वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी मागे पडतात. कावेरीच्या पुलावर चढताना नाक हलकेच दबते, पलीकडे उतरताना एकदाच वर येते आणि स्थिर होते. मांडीवरचा तंबोरा जागचा हलत नाही. आजी विचारते, “मोटार दुरुस्त झाली का रे?” तिला नव्या एंजिनाविषयी काही सांगावे लागत नाही.